मरियेचे नित्यकौमार्य : जेरोमचा युक्तिवाद आणि परंपरेचे प्रामाण्य

प्रास्ताविक

मरिया ही येशूच्या जन्मापूर्वी, जन्मसमयी व जन्मानंतरही कुमारीच राहिली, ही कॅथलिक धर्मसभेची श्रद्धा ‘नित्यकौमार्य’ या संज्ञेने ओळखली जाते. येशूची गर्भधारणा पुरुषसंबंधावाचून झाली, हे मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत स्पष्टपणे येते. तथापि योसेफ व मरिया यांच्या पुढील वैवाहिक जीवनाविषयी तसे विधान नव्या करारात कोठेही आढळत नाही. मग या श्रद्धेचा आधार कोणता? या प्रश्नाची सविस्तर चर्चा जेरोमने इ. स. ३८३ च्या सुमारास हेल्व्हिडियसच्या खंडनार्थ लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात केली आहे. त्या युक्तिवादाचे बलाबल तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रवचनांचा वाद

हेल्व्हिडियसचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याची मते जेरोमच्या खंडनातूनच कळतात. पूर्वपक्ष उत्तरपक्षाच्या मुखातून ऐकावा लागतो, ही मर्यादा प्रथमच ध्यानी घेतली पाहिजे. त्याचे प्रमुख आक्षेप दोन होते. पुत्र होईपर्यंत योसेफाने मरियेशी सहवास केला नाही, असे मत्तय (१:२५) म्हणतो. म्हणजे त्यानंतर केला. दुसरे, मार्क (६:३) येशूच्या याकोब, योसे, यहूदा व शिमोन या भावांची नावेच देतो.

पहिल्या आक्षेपास जेरोमने दिलेले उत्तर समर्थ आहे. ‘पर्यंत’ या शब्दाने पूर्वस्थिती सांगितली जाते. नंतर ती पालटली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. शौलाची कन्या मीखल हिला मरेपर्यंत मूल झाले नाही (२ शमुवेल ६:२३), या वाक्यावरून मरणोत्तर अपत्याची कल्पना कोणी करीत नाही. पुढे कॅल्व्हिननेही या वचनावरून उत्तरकालाविषयी अनुमान काढणे अयोग्य ठरविले, हे उल्लेखनीय आहे.

दुसरे उत्तर मात्र तितके निर्णायक नाही. ‘भाऊ’ म्हणजे आप्त, असे जेरोम म्हणतो. अब्राहाम आपल्या पुतण्या लोटाला भाऊच म्हणतो (उत्पत्ती १३:८). चुलत, मावस, मामे अशा सर्वांना सरसकट ‘भाऊ’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रयोग सहज पटेल. शिवाय मार्क (१५:४०) याकोब व योसे यांची आई म्हणून एका मरियेचा उल्लेख करतो. ती येशूची माता नव्हे, असे जेरोमचे प्रतिपादन आहे. परंतु ग्रीक भाषेत चुलत-मावस भावासाठी स्वतंत्र शब्द असून तो कलस्सैकरांस पत्रात (४:१०) वापरलेलाही आहे. मूळ ग्रीकमध्ये लिहिणारा पौल याकोबाला ‘प्रभूचा भाऊ’ म्हणतो (गलतीकरांस पत्र १:१९), तेव्हा हिब्रू वळणाचा दाखला अपुरा पडतो.

परंपरेची वाट

या श्रद्धेचा प्राचीन वाङ्मयीन आविष्कार दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्यशुभवर्तमान’ या ग्रंथात दिसतो. त्यात योसेफ हा मुले असलेला विधुर आहे. म्हणजे ‘भाऊ’ हे सावत्र भाऊ ठरतात. पौर्वात्य धर्मसभांनी हाच अर्थ स्वीकारला. जेरोमने मात्र हे कथानक अप्रमाण मानून योसेफालाही ब्रह्मचारी ठरविले. श्रद्धा राखायची, पण तिचा जुना ग्रंथाधार नाकारायचा, असा हा विलक्षण प्रकार आहे. इ. स. ५५३ च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेने मरियेला ‘नित्यकुमारी’ म्हटले, तर ६४९ च्या लॅटेरन धर्मपरिषदेने ही शिकवण अधिक स्पष्ट केली. ल्यूथर व झ्विंग्ली यांनीही ती सोडली नाही.

मूल्यमापन

मीमांसकांचा एक नियम येथे उद्बोधक ठरतो. स्मृती श्रुतीच्या विरोधी असेल तर त्याज्य. विरोध नसेल तर तिला श्रुतीचा आधार अनुमानाने मानावा. जेरोमची सिद्धी नेमकी एवढीच आहे. शास्त्र ही श्रद्धा सांगते, हे तो सिद्ध करू शकत नाही. शास्त्र तिला बाध आणत नाही, एवढे दाखवितो. तेवढ्याने परंपरेला वाव मिळतो, परंतु ऐतिहासिक निर्णय होत नाही. जॉन मायर या कॅथलिक धर्मगुरू-अभ्यासकाने १९९१ मध्ये, निव्वळ इतिहासाच्या कसोटीवर, हे सख्खे भाऊ असण्याचीच शक्यता अधिक मानली.

या वादात खरे पणाला लागले होते ते विवाहाचे मोल. विवाह व कौमार्य यांची प्रतिष्ठा समान आहे, हा हेल्व्हिडियसचा आग्रह होता. रोममधील स्त्रियांना वैराग्याकडे वळविणाऱ्या जेरोमला तो असह्य झाला. म्हणूनच त्याच्या ग्रंथात संसाराच्या दगदगीचे उपहासगर्भ वर्णन येते. तेथे भाष्यकार मागे पडून प्रचारक पुढे येतो. मरियेच्या कौमार्याचा गौरव करण्यासाठी इतर मातांचा संसार उणा लेखण्याची आवश्यकता नव्हती.

समारोप

१९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने शास्त्र व परंपरा हा एकच पवित्र ठेवा मानला आहे. त्या भूमिकेतून नित्यकौमार्याची श्रद्धा सुसंगत ठरते. केवळ शास्त्रवचन प्रमाण मानणाऱ्यास ती बंधनकारक वाटणार नाही. तेव्हा मतभेद ‘भाऊ’ या शब्दापाशी सुरू होत असला, तरी त्याचे मूळ प्रमाण कशाला मानावे, या प्रश्नात आहे. हा भेद ध्यानी घेतल्यास उभय पक्षांचा संवाद अधिक प्रांजळ होईल.