खांब नसलेलं थिएटर

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं कौतुक करताना लोक दर्शनी दगडी बांधकामापाशीच थबकतात. माझ्या मते या वास्तूची खरी कमाल आतल्या प्रेक्षागृहात होती. तिथे एकही खांब नजरेच्या आड येत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि १९१५ मध्ये ते पुरं झालं. नाव पॅलेस थिएटर, पण बेत असा की स्वस्तातल्या तिकिटालाही नट अख्खा दिसावा.

शेजारचं खासबाग मैदान पाहिलं की हा बेत नीट उमगतो. महाराजांनीच १९१२ मध्ये बांधलेल्या या मैदानात भोवतालची बैठक उतरती आहे. कुठेही बसा, पैलवानाचा डाव सुटत नाही. नाट्यगृहाची पाठ याच मैदानाला लागून. एका अंगाला पट्टीचा गवई, दुसऱ्या अंगाला पट्टीचा मल्ल! हा शेजार कोल्हापुरालाच शोभतो.

तेव्हा माईक नव्हता. संगीत नाटकातलं पद ऑर्गन-तबल्याच्या साथीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं ते नटाच्या छातीच्या जोरावर, आणि उरलेलं काम वास्तूनं करायचं. आवाज घुमावा म्हणून रंगमंचाखाली खोल खड्डा ठेवला होता, असं कोल्हापुरात सांगतात. पुढे १९५७ मध्ये या वास्तूला केशवरावांचं नाव मिळालं, ते चपखलच. ‘ललितकलादर्श’ नाटकमंडळी काढणारा हा कोल्हापूरचा गायकनट. १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’ नाटकात बालगंधर्वांसमोर धैर्यधर म्हणून उभा राहिला आणि त्याच वर्षी गेला. वय अवघं एकतीस.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं जळालं; दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

पुनर्बांधणीत दर्शनी भाग हुबेहूब होईलही. दगड घडवणारे हात आपल्याकडे आहेत. कसोटी आतल्या आवाजाची आहे. म्हणून संबंधितांना एकच विनंती: नव्या रंगमंचावरची पहिली नांदी माईक बंद ठेवून म्हणावी, आणि ती कशी ऐकू आली हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला विचारावं.