चार फेऱ्यांची लाट

आपल्या मंडळाचा विणकाम गट कसा उभा राहिला, ते सभासदांना पुन्हा सांगायला नको. पण रत्नागिरीच्या काकू आणि आपल्या कोषाध्यक्ष वहिनी यांचं नाव काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. भर हिवाळ्यात, दुपारी साडेतीनलाच अंधारणाऱ्या अ‍ॅबर्डीनमध्ये, या दोघींनी एकही शनिवार चुकू दिला नाही. त्या नसत्या तर आपल्या घरोघरच्या सुया कपाटातच राहिल्या असत्या.

यंदा गटाने विणला तो समुद्राच्या लाटांचा गोल गळपट्टा. नमुना शेटलंडचा, ‘ओल्ड शेल’. इथून संध्याकाळी बोटीत बसलं की सकाळी ती बेटं येतात. लाटेसारखी ही वीण तिथल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या शालींवर घातली आहे. गोल सुईवर 144 टाके घालायचे, म्हणजे 18 टाक्यांचे आठ भाग. दोन फेऱ्या सुलट. तिसऱ्या फेरीत प्रत्येक भागात तीनदा दोनांचा एक टाका, मग सहा वेळा जाळी घेऊन एक सुलट, पुन्हा तीनदा दोनांचा एक. चौथी फेरी उलट. जोडलेल्या टाक्यांपाशी वीण आकसते, जाळीपाशी पसरते आणि त्या ओढाताणीतून सरळ फेरी आपसूक वाकते. टाके मात्र 144 च राहतात. हे हिशेब आपल्या आज्या कागदाशिवाय करत.

रंगांवरून बराच वाद झाला. काकूंना भाट्याच्या किनाऱ्याची ओली वाळू आणि फेस हवा होता, मुलांना समोरच्या उत्तर समुद्राचा करडा. शेवटी दोन्ही घेतले, आणि तेच योग्य झालं. या मुलांचा समुद्र हाच आहे.

दिवाळीच्या कार्यक्रमातलं ते सादरीकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. रंगमंचावर अर्धवर्तुळात बसलेल्या बायका मोठ्याने टाके म्हणत विणत होत्या. तीन जोड, सहा जाळ्या, तीन जोड. बाजूला तबल्यावर बसलेल्या आपल्या कॉलेजकुमाराने काही वेळ ऐकलं आणि हळूच दादरा धरला. बारा मात्रा, दोन आवर्तनं, नेमकी! सभागृहात कोणी हलेना. काकूंनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात समेवर येत होता. कितीतरी नाटकं, कितीतरी गाणी त्या रंगमंचावर आपण पाहिली. माझ्या मते इतकं अस्सल काही तिथे झालं नव्हतं.

काही तडजोडी आपण केल्या. मशीनमध्ये धुता येते म्हणून अ‍ॅक्रिलिक लोकर चालवली. तिची जाळी ओली करून ताणून वाळवली तरी खऱ्या लोकरीसारखी उघडत नाही. आणि समुद्रावरून धुकं शिरतं त्या दिवशी दमट झाल्यावरही ऊब देते ती मेंढीचीच लोकर. तरी नवशिक्यांसाठी हे सोसता येईल. व्हिडिओ पाहून शिकण्यालाही हरकत नाही.

सोसवत नाही ती गोष्ट वेगळी आहे. मुलीने चार फेऱ्या विणायच्या, कंटाळून ठेवून द्यायचं आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईने जागून पुरं करायचं. टेबलावर नाव मुलीचं. गेल्या प्रदर्शनात असे गळपट्टे थोडे नव्हते, आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. अशाने पुढच्या पिढीकडे गळपट्टे उरतील, विणणारे हात उरणार नाहीत. अर्धवट राहिलेला तुकडा सुईसकट मांडा, चुकलेली जाळी दिसू द्या. ज्याची चूक त्यानेच उसवावी, तेव्हाच टाका कळतो. आयांनो, एवढं मन घट्ट करा.

नवा वर्ग संक्रांतीनंतरच्या शनिवारी सुरू होतो आहे. 4 मिलिमीटरची गोल सुई आणि 50 ग्रॅमचे दोन गुंडे आणावेत, शक्यतो खऱ्या लोकरीचे. मुलग्यांनीही यावं. टाके काकू घालून देणार नाहीत. ते ज्याचे त्यानेच घालायचे आहेत.