परीकथा आणि परभाषा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बदलापुरास एका स्नेह्यांकडे पंधरा दिवस मुक्कामास होतो. त्यांच्या दिवाणखान्यात दर रविवारी सकाळी आठ-दहा मुले जमत आणि एक तरुण शिक्षिका त्यांस स्पॅनिश भाषा शिकवीत. मुले बहुतेक बदलापूर-अंबरनाथची. दोघी बहिणी मात्र उल्हासनगराहून लोकलने येत. शिकविण्याचे साधन म्हणून बाईंनी परीकथा निवडल्या होत्या. त्यांच्या अनुमतीने आम्ही कोपऱ्यातील खुर्चीवर बसून दोन पाठ ऐकले. त्या दोन पाठांत जे अंतर दिसले, त्याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

स्पॅनिशचे नाव काढताच काही वाचक भुवया उंचावतील. परंतु २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळांसाठी ज्या परकीय भाषा सुचविल्या आहेत, त्यांत स्पॅनिशचे नाव आहे. आणि उल्हासनगरच्या दृष्टीने पाहिले तर ही भाषा वाटते तितकी दूरची नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी १९४७ नंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली व १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच सिंधी समाजातील हैदराबादचे व्यापारी, ज्यांस सिंधवर्की म्हणत, फाळणीच्या पुष्कळ आधीपासून जिब्राल्टर, कॅनरी बेटे आणि पनामा येथपर्यंत पेढ्या थाटून होते. त्या दोघी बहिणींचे काका असेच कॅनरी बेटांत दुकान चालवितात. मुलींच्या वडिलांची अपेक्षा साधी होती : आकडे यावेत, भाव सांगता यावा, गिऱ्हाइकाशी गोड बोलता यावे. लांडगे आणि चेटकिणी कशाला, असे त्यांनी बाईंना विचारलेही होते. प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, आणि त्याचे उत्तर नुसते 'मुलांना गोष्टी आवडतात' असे देऊन भागणार नाही.

पहिल्या रविवारी तांबड्या टोपीच्या मुलीची गोष्ट होती. वाक्य वाचावे, त्याचा इंग्रजीत अर्थ सांगावा, कठीण शब्द वहीत उतरावे, पुढे जावे, असा क्रम. गोष्ट इतकी सोपी करून घेतलेली होती की तिच्यात रान नव्हते, वाट नव्हती, आजीच्या अंथरुणातले ते एकावर एक वाढत जाणारे प्रश्नही नव्हते. लांडगा आला, परंतु वर्गात कोणी दचकले नाही. शेवटी बोध आला : अनोळखी माणसाशी बोलू नये. मग गाळलेल्या जागा भरणे. आम्हांस आमच्या लहानपणची शाळा आठवली. तेथेही इंग्रजी गोष्ट अशीच शिकविली जाई. राजपुत्र मेला की जगला याची आम्हांस फिकीर नसे, प्रश्नाचे उत्तर पूर्ण वाक्यात लिहिले की नाही एवढीच असे. पेरोने १६९७ साली फ्रेंचमध्ये ही गोष्ट छापली तेव्हा बोध त्यानेही जोडला होता, हे खरे. पण बोधाच्या आधी त्याने लांडग्याकडून मुलीस खरोखर खाववले होते. मुलीस पोटातून बाहेर काढणारा शिकारी ग्रिमबंधूंनी १८१२ साली आणला. आमच्या पाठ्यपुस्तककारांनी शिकारी ठेवला आणि भीती तेवढी काढून टाकली.

दुसऱ्या रविवारी मिरवणाऱ्या उंदरीची गोष्ट होती. ही स्पेनमध्ये घरोघर सांगितली जाते. उंदरीला अंगण झाडताना एक नाणे सापडते, ती त्याची फीत घेऊन शेपटीला बांधते. मग एकेक प्राणी येऊन तिला मागणी घालतो आणि ती प्रत्येकास विचारते, 'रात्री तू कसा आवाज करतोस?' त्या दिवशी बाईंच्या मोबाईलने दगा दिला, चित्रे दाखविता येईनात, म्हणून त्यांनी पुस्तक मिटून गोष्ट तोंडाने सांगितली. मधे अर्थ सांगितला नाही. तिसरा नवरदेव आला तेव्हा उंदरीचा प्रश्न मुलेच स्पॅनिशमध्ये विचारू लागली. चौथ्यास तर बाईंना बोलण्याची गरजच उरली नाही.

हे कसे घडले? मराठी घरात वाढलेल्या मनुष्यास याचे नवल वाटू नये. कावळा चिमणीचे दार ठोठावतो, चिमणी बाळाला न्हाऊ घालते आहे, काजळ घालते आहे, तीट लावते आहे असे सांगत राहते. या गोष्टीत मागणी तीच राहते आणि उत्तरातला एकच शब्द दर वेळी बदलतो. व्याकरणाचा पाठ लिहिणारे ज्याला सराव म्हणतात तो याहून निराळा काय असतो? फरक इतकाच की येथे मूल सराव मागून घेते. दहा वेळा तेच वाक्य फळ्यावरून म्हणावयास लावले तर ते जांभया देईल. कावळा दहाव्यांदा दार ठोठावू लागला तर त्याला अकराव्यांदाही हवे असते.

याहून खोल कारण क्रियापदाच्या रूपांत आहे, आणि आमच्या मते या विषयातील मुख्य गोष्ट हीच. स्पॅनिश शिकणारास सर्वांत जड जाणारा भाग म्हणजे भूतकाळाची दोन रूपे : एक चालत आलेल्या स्थितीचे वा सवयीचे, दुसरे घडून गेलेल्या घटनेचे. 'इबा' आणि 'फुए' या दोहोंस इंग्रजी शिकलेला मनुष्य 'वेंट' एवढेच म्हणतो आणि गोंधळतो. पण मराठीत पाहा. 'एक राजा होता. तो रोज शिकारीस जाई. एके दिवशी तो दूरच्या रानात गेला.' 'जाई' म्हणजे 'इबा', 'गेला' म्हणजे 'फुए'. आजीच्या गोष्टीत 'जाई', 'करी', 'म्हणे' यांची ओळ चालते, मग 'एके दिवशी' येते आणि क्रियापद पालटते. तेथेच गोष्ट सुरू होते. स्पॅनिश गोष्टही 'एरासे उना बेस' अशी उघडते आणि अगदी त्याच ठिकाणी वळण घेते. 'जात होता' हेही स्पॅनिश 'इबा'तच बसविते, म्हणजे आमची दोन दालने तिच्या एका दालनात सामावतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. मराठी मूल हा भेद कानात घेऊन येते. त्याला तो इंग्रजीच्या द्वारे शिकवणे म्हणजे अंबरनाथहून बदलापुरास कल्याणमार्गे जाणे होय.

मात्र येथे एक काटा रुतला. बाईंनी आमच्या सूचनेवरून 'जाई'चा दाखला दिला तेव्हा तीन मुलांचे चेहरे उजळले आणि बाकीची मराठी मुले कोरीच राहिली. ती बोलताना 'जायचा' म्हणतात. 'जाई' हे रूप केवळ गोष्टीत भेटते, आणि त्यांच्या घरी गोष्ट कोणी सांगत नाही. ज्या पिढीने मुलांस इंग्रजी चित्रपुस्तके आणून दिली आणि आवडती-नावडतीच्या कहाण्या मागास ठरविल्या, तिने मराठीचे जे नुकसान केले ते केलेच. पण स्पॅनिश शिकण्याची एक पायरीही काढून घेतली. यात आम्ही स्वतःस वगळत नाही. आमच्या मुलांस आम्ही अँडरसन वाचून दाखविला, कहाण्या दाखविल्या नाहीत.

गोष्टींतून परभाषा शिकविण्याची कल्पना आपल्याकडे नवी मुळीच नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या गोऱ्या नोकरांस विल्यम केरी मराठी शिकवीत, आणि त्या विद्यार्थ्यांसाठी श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ साली वैजनाथपंडितांची 'सिंहासनबत्तिशी' निघाली. म्हणजे मराठी गद्याची काही पहिली छापील पुस्तके मराठी मुलांसाठी नव्हे, तर परभाषा म्हणून मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी झाली, आणि त्यांस वाचावयास दिल्या त्या पुतळ्यांनी सांगितलेल्या गोष्टी! महसुलाचे कागद पुढे वाचता यावेत म्हणून आधी विक्रमराजा. मुलींच्या वडिलांस आमचे उत्तर हेच. दुकानातील वाक्ये महिन्याभरात पाठ होतील, पण गिऱ्हाईक 'काल मी येत होतो तेव्हा' अशी हकीकत सांगू लागले की पाठांतर संपते. हकीकत म्हणजे गोष्टच. तथापि आकडे आणि भाव यांसाठी वेगळा तास हवाच. उंदरी फीत विकत घेते एवढ्याने बाजार शिकून होत नाही.

राहता राहिला गोष्टींच्या निवडीचा प्रश्न. तांबडी टोपी फ्रेंच. तिचे स्पॅनिश भाषांतर मुलांस देण्यात वावगे काही नाही, पण अगत्याचेही काही नाही. आमचे पंचतंत्र पेहलवीत गेले, तेथून अरबीत, आणि १२५१ साली अरबीतून कॅस्टिलच्या भाषेत 'कालिला ए दिम्ना' या नावाने उतरले. करटक आणि दमनक हेच ते दोघे. सातूच्या पिठाच्या मडक्याखाली पडून सोमशर्म्याचे मनोराज्य रचणारा ब्राह्मण वाचकांस ठाऊक आहे. १३३५ च्या सुमारास दोन ख्वान मानुएलने 'कोंदे लुकानोर'मध्ये त्याच्या जागी मधाचे मडके डोक्यावर घेतलेली बाई आणली. त्याच ग्रंथातील विणकऱ्यांच्या गोष्टीवरून अँडरसनने १८३७ साली बादशहाच्या नव्या पोशाखाची गोष्ट रचली. मडके फुटणार हे ज्या मुलास आधीच माहीत आहे, त्यास परक्या शब्दांची भीती वाटत नाही. तो शब्दांकडे पाहण्यास मोकळा असतो.

उंदरीच्या गोष्टीचे शेवट दोन प्रकारचे सांगतात. ती गोड आवाजाच्या बोक्याशी लग्न लावते, आणि एका पाठात बोका तिला खातो, दुसऱ्यात ती वाचते. बाईंनी तिला वाचविले. वर्ग सुटू लागला, मुले चपला शोधू लागली, पण उल्हासनगरची धाकटी बहीण जागची हलेना. तिला हा शेवट पटला नव्हता. बाईंकडे पाहून ती म्हणाली, 'पेरो एल गातो तेनीआ आम्ब्रे' : पण बोक्याला भूक लागली होती ना! 'तेनीआ' हे रूप तिला कोणी शिकविले नव्हते.