एका अँटिबॉडीने चार साप थांबतील का?

‘सर्पदंशावर आता एकच इंजेक्शन, कुठलाही साप असो’ अशा अर्थाचे मेसेज अधूनमधून गावच्या ग्रुपवर येतात. त्यामागचा मूळ शोधनिबंध बहुतेक वेळा एकच असतो: फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’ या नियतकालिकात आलेला. अमेरिकेतली स्क्रिप्स संशोधन संस्था, लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय वैद्यक संस्था आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा, अशा तिघांचं हे काम. त्यांनी शोधलेल्या अँटिबॉडीचं नाव ९५मॅट५. निबंध मी दोनदा वाचला. काम देखणं आहे यात वादच नाही. पण आमच्या डिंगोऱ्यात रात्रपाळीची वीज आली की लोक अंधारात पाणी धरायला जातात. त्यांच्या पायाखाली येणाऱ्या सापावर याचा काय उपयोग, या प्रश्नाचं उत्तर मेसेजमध्ये सांगतात त्याच्या बरंच अलीकडे थांबतं. का थांबतं, हे कळायला अँटिबॉडीचा आकार समजून घ्यावा लागतो, म्हणून थोडं मागे जाऊ.

तुमच्याकडे मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावत असतील. पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. रॉडनी पोर्टर हा इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञ लंडनच्या मिल हिलमध्ये काम करत होता. त्याने सशाच्या अँटिबॉडीवर हेच पपेन सोडलं आणि १९५९ मध्ये निबंध छापला. अँटिबॉडीचा रेणू मोठा, साधारण दीड लाख डाल्टनचा. त्याचे बारीक बारीक चुरे होतील असं कुणालाही वाटलं असतं. झाले मात्र जवळपास सारख्या वजनाचे तीन तुकडे, प्रत्येकी पन्नास हजारांच्या आसपास. त्यातले दोन अजूनही आपला शत्रू ओळखून धरत होते. तिसरा काहीच धरत नव्हता, पण त्याचे स्फटिक सहज होत होते.

मला या निबंधातली ही स्फटिकांची गोष्ट सगळ्यात आवडते. स्फटिक व्हायला सगळे रेणू एकसारखे लागतात, विटा सारख्या असल्या तरच भिंत सरळ उभी राहते. म्हणजे सशाच्या रक्तात हजारो तऱ्हांच्या अँटिबॉडी असल्या तरी त्यांचा तो तिसरा भाग, देठ म्हणा, जवळपास सारखाच आहे. फरक आहे तो दोन हातांच्या टोकांना. पुढे अमेरिकेत जेराल्ड एडेलमनने साखळ्या सुट्या करून पाहिल्या, पोर्टरने १९६२ मध्ये दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचं चित्र मांडलं, आणि १९७२ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. आज पाठ्यपुस्तकात दिसणारा इंग्रजी वाय अक्षराचा आकार तो हाच.

पाठ्यपुस्तकं एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे उलटी सांगतात. आधी आकार कळला, मग त्यातून औषध सुधारलं, असा क्रम ती लावतात. प्रत्यक्षात घोड्यांपासून घटसर्पाचं प्रतिविष बनवणाऱ्यांनी १९३० च्या दशकातच त्यावर पेप्सिन वापरायला सुरुवात केली होती. पार्फेंतिएव्हचं पेटंट १९३६ चं आहे. आतला रेणू कसा दिसतो याची त्यांना कल्पना नव्हती, नको ती प्रथिनं कमी होतात एवढं पुरेसं होतं. पेप्सिन सांध्याच्या जरा खालून कापतं, त्यामुळे दोन्ही हात एकमेकांना जोडलेले राहतात, हे १९६० च्या सुमारास निसोनॉफने दाखवलं. तोवर कारखान्यात हे कापकाम होऊन वीसेक वर्षं झाली होती.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ज्या कुपीला आपण ‘सापाची लस’ म्हणतो, तिच्यात आज हेच जोडहात असतात. (ती लस नाहीच खरं तर. लस तुमच्या शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते, इथे घोड्याने बनवलेल्या आयत्या टोचल्या जातात.) ही कुपी बनवणारा एक कारखाना आपल्याच तालुक्यात नारायणगावला आहे, हे अनेकांना माहीत नसतं. देठ कापला की ॲलर्जीची रिॲक्शन कमी येईल, ही अपेक्षा होती. ती अर्धवटच खरी ठरली. श्रीलंकेतल्या १,००७ रुग्णांवरचा २०११ चा अभ्यास पाहा: साधारण चारातल्या तिघांना औषध दिल्यावर कमी-अधिक रिॲक्शन आली. घोड्याचं प्रथिन ते घोड्याचंच, हात काय नि देठ काय. त्याच अभ्यासाने आधी ॲड्रिनॅलिनचा छोटा डोस दिला तर गंभीर रिॲक्शन कमी होतात हेही दाखवलं, आणि रुग्णाच्या दृष्टीने हा साधा निष्कर्ष कित्येक रचनाचित्रांपेक्षा मोलाचा आहे.

आता टोकांकडे या. कुपीवर लिहिलेलं असतं: एक मिलिलिटर औषध नागाचं ०.६, मण्यारीचं ०.४५, घोणसाचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. दहा मिलिलिटरच्या कुपीत घोणसाचं सहा मिलिग्रॅम विष संपलं. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते असं आपल्याकडच्या उपचार-सूचना धरतात. भागाकार करा, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या का लावतात ते कळेल. हा आकडा उंदरांवर ठरतो, आणि त्या चाचणीत विष आणि औषध आधी एकत्र कालवून मग टोचतात. शेतात चावलेला साप औषध कालवून घेत नाही. म्हणून कुपीवरचा आकडा हा फार तर टोकांच्या पकडीचा आकडा आहे, माणूस वाचण्याचा नाही.

आणि ती पकड नेमकी कशावर, हा खरा प्रश्न. घोड्याला विष टोचलं की त्याचं शरीर मोठ्या, ठसठशीत प्रथिनांविरुद्ध भरपूर अँटिबॉडी बनवतं. नागाच्या विषातली सगळ्यात घातक त्रि-अंगुली विषं साठ-सत्तर अमिनो आम्लांची, चिमुकली. त्यांच्याविरुद्ध प्रतिसाद कमजोर येतो. त्यात देशभरातल्या उत्पादकांना विषाचा मुख्य पुरवठा गेली कित्येक दशकं तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून होतो. तिथल्या नागाचं विष आणि आपल्या नागाचं विष एकच, असं धरून चालतो आपण. सुनगर यांच्याच गटाने २०१९ आणि २०२१ मध्ये दाखवून दिलं की हे धरून चालणं महागात पडतं: एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि औषधाची ताकदही त्याबरोबर बदलते. या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्या पार्श्वभूमीवर मला हे दोन निबंध जास्त महत्त्वाचे वाटतात. त्यांचा मेसेज मात्र कुणी फिरवला नाही.

मग ९५मॅट५ मध्ये नवीन काय? घोडाच काढून टाकला. मानवी अँटिबॉडींचा कृत्रिम संग्रह यीस्टच्या पेशींवर मांडायचा आणि ‘लांब साखळीची अल्फा-न्यूरोटॉक्सिनं’ या एका विषकुटुंबातली अनेक विषं जी टोकं पकडतील तीच निवडायची. ही विषं स्नायूवरच्या ग्राहकाला चिकटतात आणि मेंदूचा निरोप अडवतात. स्फटिकरचना काढली तेव्हा दिसलं की अँटिबॉडीच्या टोकाचा एक वळसा त्या ग्राहकाचीच हुबेहूब नक्कल करतो. त्या वळशाला कुलूप समजून विष फसतं म्हणा ना. विषाने ही पकड चुकवायची म्हटली तर त्याला ग्राहकाला चिकटणंही सोडावं लागेल, म्हणून आशियातला मोनोकल्ड नाग, चीनकडची पट्टेरी मण्यार आणि आफ्रिकेतली ब्लॅक मांबा अशा दूरदूरच्या सापांच्या विषापासून उंदीर वाचले. पोर्टरने जे टोक नुसतं वेगळं काढलं, ते इथे अणूअणूने वाचलेलं आहे. या भागाला मी पैकीच्या पैकी देईन.

आक्षेप आहे तो ‘सार्वत्रिक’ या शब्दाच्या वापरावर, आणि तो फक्त बातमीदारांवर ढकलता येणार नाही. एका विषकुटुंबाविरुद्धच्या यशावरून सार्वत्रिक औषधाची भाषा सुरू झाली की वाचणारा कुटुंब विसरतो, शब्द लक्षात ठेवतो. जुन्नरच्या चार सापांवर ही अँटिबॉडी लावून पाहा. घोणस आणि फुरसं रक्त बिघडवतात, घोणस मूत्रपिंडंही. त्यांच्या विषात लांब साखळीची अल्फा-न्यूरोटॉक्सिनं नाहीतच, त्यामुळे पकडायला काही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारी मण्यार बीटा-बंगारोटॉक्सिनने चेतातंतूची टोकंच निकामी करते. ते वेगळंच विकर आहे, ९५मॅट५ त्याला ओळखत नाही. राहिला नाग. त्याच्या विषात या कुटुंबाचं प्रमाण प्रदेशानुसार कमी-जास्त असतं. म्हणजे चारांपैकी एकाच्या विषातल्या एका भागावर उपाय. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांच्यासारखे डॉक्टर वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण हाताळत आलेत. त्यांच्या टेबलावर येणारा घोणसाचा रुग्ण या निबंधात कुठेच नाही.

२०२५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेलं काम या बाबतीत मला जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे दोन मानवी अँटिबॉडी घेतल्या आणि जोडीला व्हॅरेस्प्लॅडिब हे छोटं औषध, जे बीटा-बंगारोटॉक्सिनच्या जातीची विकरं अडवतं. म्हणजे एकाच टोकाकडून सगळं होणार नाही हे मान्य करूनच मांडणी आहे. नाग-मण्यारीच्या कुळातल्या १९ सापांच्या विषावर उंदरांमध्ये ते तपासलं. १३ वर पूर्ण संरक्षण, उरलेल्या सहांवर अंशतः. घोणसाचं कुळ त्यातही नाही. तिच्यासाठी आजही नारायणगावच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कारखान्यातली घोड्याचीच कुपी आहे, आणि तिची टोकं सुधारायची तर आधी घोड्याला टोचायचं विष इथल्या घोणसाचं हवं. त्याला स्फटिकरचनाही लागत नाही, साप पकडून विष काढायची परवानगी आणि ते काढणारी माणसं लागतात.