उपाशी बाईने लिहिलेली दया

यवतमाळात मिशनविषयी दोनच वाक्यं ऐकत मी मोठा झालो. एक, "त्यांचा दवाखाना चांगला." दुसरं, "ते लोक बाटवतात." बहुतेकदा दोन्ही वाक्यं एकच माणूस, एकाच चहात बोलायचा. फ्री मेथडिस्ट मिशन इथलं जुनं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ इथेच होती, मग पुण्याला गेली. पण या दोन वाक्यांपलीकडचं काही मला मिळालं ते पंडिता रमाबाईंच्या लेखनात, आणि तेही लोकलमध्ये उभ्याने, फोनवर.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. आमचा जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून वऱ्हाडात होता आणि मध्य प्रांत वर्धा नदीच्या पलीकडे, म्हणजे अगदी शेजारी. या कामाविषयी त्यांनी 'फॅमिन एक्स्पीरियन्सेस' हा लेख इंग्रजीत लिहिला. वाचक परदेशी, खिशात हात घालू शकणारे. असलं लेखन कसं असतं हे आपल्याला माहीत आहे: आधी हाडं, मग आपली संस्था, मग पत्ता.

रमाबाई मात्र सुरुवात स्वतःपासून करतात. वीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्या स्वतः उपाशी होत्या. वडील शास्त्री, घर पुराण सांगत गावोगाव हिंडणारं. अंगमेहनतीचं काम कुणाला येत नाही आणि करायची लाज. शेवटचा दाणा संपल्यावर हे कुटुंब मरायच्या तयारीने रानात गेलं. अकरा दिवस पाणी, पाला आणि थोडा रानखजूर. वडील, आई, बहीण, पाठोपाठ गेले. आईला उचलायला पुरेसे ब्राह्मण मिळेनात, म्हणून मुलीने खांदा दिला. उंची कमी पडली, तेव्हा तिरडीचं तिच्याकडचं टोक तिने डोक्यावर घेतलं.

माझ्या मते मराठी माणसाने दयेविषयी लिहिलेल्या मजकुरात हा मजकूर फार वरचा आहे, आणि गंमत म्हणजे त्यात दया नाहीच. हिशोब आहे, लाज आहे, आणि आपल्याच जातीच्या ताठ्यावरचा राग आहे. भूक माणसाला पवित्र करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पण पुढे त्या सुटका केलेल्या मुलींविषयी लिहितात तेव्हा मजकूर बदलतो. मुली आकड्यांत येतात. आधी घाणेरड्या, जंगली, मग स्वच्छ, प्रार्थना करणाऱ्या. त्या काळच्या मिशनरी मासिकांत दुष्काळातल्या पोरांचे असे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो सर्रास छापून येत. अकरा दिवसांची उपासमार आतून सांगणारी बाई दुसऱ्या उपाशी मुलीला मात्र बाहेरूनच पाहते. पैसा उभा करायचा होता, हे समजतं. तरी वाचताना खटकतं.

मला ते जास्त खटकतं, कारण मी यवतमाळचा आहे. शेतकरी आत्महत्येच्या कुटुंबाला सरकार एक लाख देतं, पण आधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. मग चेक देतानाचा फोटो, शिलाई मशीन देतानाचा फोटो. एका संस्थेचं ॲप मी पाहिलंय, त्यात लाभार्थीचा फोटो टाकल्याशिवाय 'सेव्ह'चं बटण चालूच होत नाही. आमचं क्षेत्र याला व्हॅलिडेशन म्हणतं.

आता ते दुसरं वाक्य, बाटवण्याचं. १८९३ साली शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, 'केसरी'ने झोडपलं. सदन चालवायला धर्माच्या बाबतीत तटस्थतेचं आश्वासन दिलं होतं, तेव्हा हा आक्षेप मला फालतू वाटत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तर आडपडदाच उरला नाही. दुष्काळातून आणलेल्या दहा वर्षांच्या पोरीला 'नाही' म्हणायची सोय कितपत होती? जी भाकरी देते तिचाच देव. रमाबाई हा प्रश्न स्वतःला विचारताना मला दिसत नाहीत. १९०५च्या धर्मजागृतीविषयी तर त्या आनंदाने लिहितात.

पण त्यांना नुसतं भाबडं ठरवणाऱ्यांनी १८९७ पाहावं. त्याआधीच्या वर्षी 'केसरी' शेतकऱ्यांना सांगत होता की फॅमिन कोडप्रमाणे सूट हा तुमचा हक्क आहे, मागा. आणि त्या वर्षी प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारला अंगावर घेतलं. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन माणसं एकाच सरकारशी भांडत होती. आमच्या बारावीच्या गाइडात हे कुठेच नव्हतं.

माझ्यासाठी त्यांच्या कामाचा खरा कस मात्र बायबलच्या भाषांतरात लागतो. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल असं मराठी हवं म्हणून. संस्कृतात पंडिता ठरलेल्या बाईने संस्कृत शब्द टाळायला बसावं, ही साधी गोष्ट नव्हे. भाषांतर शब्दशः आहे, पुष्कळ ठिकाणी वाक्य अडखळतं, आणि मराठी गद्य म्हणून ते मला ओढून नेत नाही. पण ते छापलं मुक्तीतल्या बायकांनीच. जिला कुणी तरी वाचवून आणलं, ती छापखान्यात उभी राहून एकेक खिळा जुळवत होती. खिळे जुळवायचे तर अक्षर उलटं वाचता यावं लागतं. इथे ती कुणाची लाभार्थी नव्हती, कंपोझिटर होती.

पूर्ण बायबल १९२४ साली निघालं. रमाबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या बायका तिथेच होत्या, हात शाईने काळे. त्यांच्यापैकी एकीने आपल्या दुष्काळाची, आणि 'हो' म्हणतानाची, चार पानं स्वतःच्या मराठीत लिहिलेली असती, तर मी ती रमाबाईंच्या लेखाआधी वाचली असती.