एक चार्ट, चार मापे: एका लाडक्या रचनेची चिकित्सा

डॅशबोर्डवरील अभ्यासप्रकल्पांत एक रचना हमखास आढळते. वर चार बटणे: विक्री, नफा, नग, परत आलेला माल. खाली एकच चार्ट. त्याच्या एक्स्प्रेशनमध्ये एकात एक गुंफलेले इफ. जे बटण दाबाल ते माप दिसते. अहवालात लिहिलेले असते, ‘चार्टची संख्या कमी केल्याने कार्यक्षमता वाढली.’ हे विधान तपासून पाहा. उदाहरण क्लिकव्ह्यू आणि क्लिक सेन्सचे घेऊ, कारण तिथे चार्टमधल्या बेरजा प्रत्येक सिलेक्शननंतर मेमरीतल्या डेटावर नव्याने होतात.

चार्ट सोडवताना इंजिन आधी बेरजा करून मग त्यांवर इफ लावत असण्याची शक्यता असते. तसे असेल तर तुम्ही नफ्याचे बटण दाबले तरी चारही बेरजा होतात आणि तीन टाकून दिल्या जातात. दिसायला चार्ट एक, काम चारांचे असू शकते.

इफ बेरजेच्या आत घातला तर आणखी वाईट. बटणांची नावे बहुधा एका सुट्या टेबलात ठेवतात. विक्रीच्या टेबलाशी त्याचा काही दुवा नसतो. त्यातले फील्ड समच्या आतल्या इफमध्ये आले की इंजिनला दोन्ही टेबलांच्या ओळींच्या सर्व जोड्या कराव्या लागतात. समजा, विक्रीच्या ५० लाख ओळी आहेत आणि एकही बटण निवडलेले नाही. जोड्या झाल्या २ कोटी. चार ओळींचे ते निरुपद्रवी टेबल दोषी असेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे डॉलर एक्स्पान्शन. डॉलरचिन्हाच्या कंसात बरोबरचे चिन्ह देऊन लिहिलेला भाग चार्टचे गणित सुरू होण्याआधीच सोडवला जातो आणि त्याचे उत्तर मजकूर म्हणून एक्स्प्रेशनमध्ये बसते. निवडीचा इफ तिथे हलवला की चार्टकडे फक्त नफ्याची बेरीज पोचते. उपाय चांगलाच आहे.

पण बऱ्याच नोट्स इथेच थांबतात, ते मला पटत नाही. हे सोडवणे चार्टमागे एकदाच होते, ओळीमागे नाही. सेट अ‍ॅनालिसिसमध्ये ‘कमाल वर्ष वजा १’ असे लिहून मागील वर्षाची विक्री काढा. एकाच आकड्याच्या चौकटीत ती अचूक येईल. तेच एक्स्प्रेशन वर्षवार तक्त्यात टाका: डेटा २०२४ पर्यंतचा असेल तर २०२४ च्या ओळीत शून्य, आणि २०२३ च्या ओळीत २०२३ चीच विक्री. त्रुटीचा संदेश नाही, लाल खूण नाही. चार्ट झटकन उघडतो आणि बैठकीत चुकीचा आकडा वाचला जातो. तिथे आधीच्या ओळीचे मूल्य देणारे अबव्ह फंक्शन वापरा, किंवा लोड स्क्रिप्टमध्येच वर्ष आणि मागील वर्ष यांची जोडणी करून ठेवा.

आता मोजमापाविषयी. इंजिन काढलेली उत्तरे जपून ठेवते; तेच सिलेक्शन आणि तेच एक्स्प्रेशन पुन्हा आले की उत्तर तयार असते. (सम एकदा मोठ्या एसने आणि एकदा लहान एसने लिहिलेत तर इंजिनच्या लेखी ती दोन वेगळी एक्स्प्रेशने!) त्यामुळे दुसऱ्या क्लिकला लावलेले घड्याळ काहीच सिद्ध करत नाही. अहवालात पहिल्या क्लिकचा वेळ, ओळींची संख्या आणि त्या वेळी निवडलेली मूल्ये द्या. ती नसतील तर ‘कार्यक्षमता वाढली’ या वाक्याला मी गुण देत नाही.