थप्पीतली जागा

लोखंडी पाइपची चौकट आणि वर प्लॅस्टिकची एकसंध बैठक, अशी जुनी सभागृहातली खुर्ची आपण बसताना बघतो. ती नीट कळते मात्र कार्यक्रम संपल्यावर, मांडववाल्याची पोरं खुर्च्यांची थप्पी लावायला घेतात तेव्हा. घडवणाऱ्याने माणसाच्या पाठीचा विचार केलेला असतोच, पण त्याहून अवघड विचार केलेला असतो तो दुसऱ्या खुर्चीचा. वरच्या खुर्चीचे पाय खालचीच्या पायांना बाहेरून वळसा घालत उतरले पाहिजेत. बैठक बैठकीला घासता कामा नये. भार यायचा तो ठरलेल्या चार जागांवरच. पाय बाहेर फाकलेले असतात ते यासाठीच, आणि बैठकीखालच्या चौकटीला नखाएवढ्या रबरी गोट्या बसवलेल्या असतात त्याही यासाठीच. या गोट्या बसणाऱ्याला जन्मात दिसत नाहीत. मला त्या सगळ्या खुर्चीत सर्वांत सुंदर वाटतात.

या घडणीला मोठा वंश आहे. इंग्लंडमध्ये रॉबिन डे यांनी हिल कंपनीसाठी १९६३ मध्ये वाकवलेल्या पोलादी पाइपवर पॉलिप्रॉपिलीनची बैठक बसवलेली खुर्ची आणली. पॉलिप्रॉपिलीनवरच्या कामासाठी जूलिओ नाट्टा यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी. पुढच्या वर्षी अमेरिकेत डेव्हिड रोलंड यांची खुर्ची आली. तिचं नावच ‘४०/४’. चाळीस खुर्च्यांची थप्पी चार फुटांत मावते. म्हणजे एका खुर्चीच्या वाट्याला उंची येते सव्वा इंचाहून कमी. या दोन कल्पनांच्या नकला, नकलांच्या नकला जगभर झाल्या. आपल्याकडे शाळांत, मंगल कार्यालयांत, साखर कारखान्यांच्या सभांना ज्या आल्या त्यांवर बहुधा कोणाचं नावच नसतं. नाव नाही, म्हणून सुटा भागही मिळत नाही. पायातलं बूच गेलं, गोटी गळाली, की खुर्ची कोपऱ्यात जाते आणि तिथून भंगारात.

या खुर्च्या भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. त्यात पैशाचा हिशेब आहेच. पण वीस-पंचवीस वर्षं टिकलेल्या चौकटीला सूतभर रबरापायी मोडीत काढणं हा तिच्या घडणीचा अपमानही आहे.

सुरुवात पायातल्या बुचापासून करू. ते हरवलं की उघड्या पाइपची कड फरशीवर ओरखडे काढते, फरशी धुताना पाइपच्या पोटात पाणी शिरतं आणि पाय खालून गंजत जातो. दुकानात तयार बुचं मिळतात, ती सरळ पायांची. आपल्या खुर्चीचा पाय तिरका आहे. सपाट तळाचं बूच त्यात घातलं तर ते एका कडेवरच उभं राहतं. ती कड झिजते आणि महिनाभरात पाइप रबर फोडून बाहेर येतो. म्हणून बुचाचा तळ पायाच्या तिरकेपणाइतकाच तिरका कापावा लागतो आणि बूच पाइपमध्ये फिरू नये अशी सोय करावी लागते. मूळ बुचाच्या आत बहुतेकदा एक लोखंडी वायसर असतो, पाइपची धार रबरात घुसू नये म्हणून. आपण वायसर विसरतो. मूळ कारागीर विसरला नव्हता.

मग येते जाडी. बूच बाहेरून फुगीर झालं, तर खुर्ची जमिनीवर छान उभी राहील, पण थप्पी लावताना खालच्या खुर्चीच्या पायाला घासत, रंग खरवडत जाईल. एकट्या खुर्चीपाशी बघितलं तर यात चूक दिसतच नाही. गोटीचं तर आणखी कठीण. आपल्या वर्कशॉपमध्ये अजून सुतात मोजतात. आठ सुतांचा एक इंच. समजा, सगळ्या खुर्च्यांना एका बाजूची गोटी सूतभर जाड बसवली. एका खुर्चीत ते डोळ्यालाही जाणवणार नाही. तेरा खुर्च्यांच्या थप्पीत, सर्वांत खालची सोडून, बारा सूत, म्हणजे वरची खुर्ची एका अंगाने दीड इंच उचललेली, आणि सगळी थप्पी कललेली. टेम्पोच्या पहिल्याच वळणावर ती खाली येते.

बारामतीत बसून हे लिहिताना कवी मोरोपंत आठवल्याशिवाय राहत नाहीत. पंतांचं (१७२९–१७९४) मोठं आयुष्य याच गावात, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, कऱ्हेच्या काठी गेलं. त्यांची आर्या बहुतेक गीतीच्या मापाची, चरणांत मात्रा १२, १८, १२, १८. पोथीत कसरीने खाल्लेली चार अक्षरं भरायची असतील तर नुसता अर्थ जुळवून भागत नाही. मात्रा तितक्याच हव्यात, यमक पुढच्याशी लागलं पाहिजे, आणि शब्द पंतांच्या तोंडी शोभला पाहिजे. एक मात्रा वाढली तरी ओळ वाचता येते, पण म्हणताना जीभ अडखळते. खुर्चीच्या गळलेल्या गोटीची जागा अशीच भरावी लागते. बदली भाग करणारा माणूस मला म्हणूनच सर्वांत बारकाईचा वाचक वाटतो. उरलेल्या तीन गोट्यांवरून, चौकटीवर रंग जिथे पुसला गेलाय त्या चकाकत्या पट्ट्यावरून, तो चौथी कशी असेल ते ओळखतो.

असे वाचक बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आहेत, आणि त्याला कारण ऊस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. या कारखान्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर संपला की दुरुस्तीचे महिने सुरू होतात. उसाचा रस काढणारे रोलर उतरवून लेथवर चढवायचे, झिजलेल्या खाचा पुन्हा पाडायच्या, रोलरचा व्यास घटला तर दोन रोलरमधलं अंतर नव्याने बांधायचं. पुढच्या भागाशी पटेल असा भाग घडवायचा, हे शिक्षण इथे पिढ्यान् पिढ्या झालंय. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं बनली आणि इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटसाठी मोटर केसिंगही बनली. त्या भागातल्या टर्नरला खुर्चीचं बूच क्षुल्लक वाटावं असं कोणी म्हणेल. मला उलटं वाटतं. ज्याच्या हाताला मिलिमीटरच्या भागांची सवय आहे त्यालाच सुताची किंमत कळते.

सामानाची निवड हाही त्याच वाचनाचा भाग. नायलॉनचा रॉड लेथवर सुरेख कापला जातो, म्हणून मोह होतो. पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. चोपून बसवलेलं बूच पुन्हा निघायचं नाव घेत नाही. शिवाय ते फरशीवर घसरतं, खडखडतं. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, रॉड कापायला चिवट, हत्यार फार धारदार लागतं, पण तो पायाखाली मऊ राहतो. आता थ्रीडी प्रिंटरवरही असे भाग काढता येतात, आणि पाच-पन्नास नगांसाठी ते सोयीचंही आहे. तिथे ध्यानात ठेवायचं ते हे, की प्रिंटचा भाग थरांनी बनतो आणि थरांच्या सांध्यातच फाटतो. ज्या दिशेने ओढ बसणार त्या दिशेला थर आडवे आले, तर बूच चार दिवसांत दुभंगतं.

बैठकीचं दुखणं वेगळं. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने ठिसूळ होतं, आणि बोल्टच्या भोकापासून फट सुरू होते. त्याला नेहमीचा कुठलाच गोंद धड धरत नाही, हा त्याचा स्वभाव. फटीच्या टोकाला बारीक गोल भोक पाडलं तर ताण पसरतो आणि फट पुढे सरकायची थांबते. मग बोल्टखाली पत्र्याची रुंद पट्टी, बैठकीच्या वळणाइतकीच वाकवलेली. ती सपाट ठेवून बोल्ट आवळला, तर जुनी फट राहील बाजूला आणि नवी सुरू होईल. गावोगावी खुर्चीची फट तारेने टाके घालून शिवतात, तेही मला आवडतं. पण टाक्याची तार खाली लोंबत असेल तर ती खालच्या खुर्चीच्या बैठकीवर ओरखडे काढते.

रंगाचा आग्रह मी धरणार नाही. काळ्या बुचांत एखादं पांढरं बूच दिसलं तर दिसू द्यावं. दुरुस्ती लपवण्यासारखं त्यात काही नाही. माप मात्र लपलं पाहिजे, म्हणजे थप्पीत हात फिरवला तर दुरुस्त केलेली खुर्ची कोणती ते ओळखू येऊ नये. त्यासाठी वर्कशॉपमध्ये नमुना म्हणून एक खुर्ची नेऊन चालत नाही. दोन न्यायच्या, एक धड आणि एक मोडकी. टर्नरने पहिलं बूच, पहिली गोटी बसवली की आधी मोडकी धडीवर ठेवायची, मग धड मोडकीवर, आणि दोन्ही वेळा चारही गोट्यांखाली कागदाचा कपटा सरकवून बघायचा. कपटा चारही ठिकाणी सारखाच अडकला, तरच बाकीच्या नगांचं काम सांगायचं.